गुलाबी पत्रकातला घोडा

“पणजोबाचं नाव वर, मोठ्या अक्षरात टाक. बापाचं खाली, बारीक,” मामा म्हणाला, आणि मी पेन खाली ठेवलं.

मामा घोड्यांचा सईस. अर्धं आयुष्य त्याने मुंबईच्या रेसकोर्सवर दुसऱ्यांचे घोडे चोळण्यात काढलं. आता तो चौलच्या अलीकडे, सुपारीच्या वाडीमागे असलेल्या एका पागेत कामाला होता, कारण त्याच्या हाताखाली तयार झालेला एक घोडा तिथे आला होता. गडद तांबडा, जातिवंत, शर्यतीचा घोडा. कमी अंतराच्या शर्यतीत त्याने भल्याभल्यांना मागे टाकलं होतं. मग पुढच्या पायाची शीर सुजली आणि पळणं थांबलं. मालकिणीने ठरवलं, याला पैदाशीला ठेवायचं. रेसवाल्यांच्या भाषेत स्टॅलियन. लोकांनी आपल्या घोड्या याच्याकडे पाठवायच्या आणि होणारी शिंगरं याच्यासारखी पळतील अशी आशा धरायची.

पण घोड्या येतच नव्हत्या. हंगाम सुरू होऊन गेला होता. मुंबईत राहणारी, गुजराती घरातली ही मालकीण, मामाची शेठाणी, स्पष्ट बोलणारी बाई. तिने मामाला सांगून टाकलं होतं, “हा हंगाम बघते. एक पण घोडी नाय आली तर डॉक्टरला बोलावून खच्ची करणार आणि किनाऱ्यावरच्या रिसॉर्टला देऊन टाकणार. पोरांना पाठीवर फिरवेल.”

म्हणून मामा माझ्याकडे आला होता. आमच्या घरात लिहिणारी मी एकटी. म्हणजे पत्रकं लिहिणारी. बंद होणारी शाळा, खाडीतला रेतीउपसा, दवाखान्यात नसलेला डॉक्टर. मला दुसरं काही लिहिता येत नाही. माझ्या लिखाणात वर धिक्कार, मधे मागण्या आणि खाली ‘बहुसंख्येने उपस्थित राहा’ असतं.

मामाने सोबत एक चकचकीत पुस्तिका आणली होती, मुंबईच्या कुठल्या जाहिरातवाल्याने केलेली. पहिल्याच पानावर घोड्याचा पणजोबा, या देशात कधी पाऊलही न टाकलेला. बापाचं नाव मात्र औषधाच्या बाटलीवर सूचना छापतात तेवढ्या अक्षरात, कोपऱ्यात.

“बाप का लपवलाय?”

“कोण ओळखतो त्याला? बापाला बघून कोण घोडी धाडणार न्हाय. पणजोबाचं ऐकून तरी फोन करतील.”

माझं डोकं फिरलं. आमच्या आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हापासून आमच्या घरात जन्मावरून कोणाला मोजायचं नाही, हे पोरं अक्षरांच्या बरोबरीने शिकतात. आणि बाहेर? माझा भाऊ उरणला कंटेनर यार्डात लागला. खोली बघायला गेला तर घरमालकाने पहिला प्रश्न आडनावाचा विचारला. भावाने अर्धंच सांगितलं. खोली मिळाली. पण जितके महिने तो तिथे राहिला, घरून आलेलं पार्सलसुद्धा त्याने दारात घेतलं नाही, वरचं नाव कोणी वाचेल म्हणून. लपवलेलं नाव माणसाला कसं आखडून टाकतं ते मी बघितलं होतं. आता तेच घोड्याच्या बाबतीत, आणि माझ्या हाताने?

“हा घोडा हाय, बाय,” मामा म्हणाला. “याला संविधान लागू न्हाय.”

“पत्रक मी लिहिणार ना? मग लागू आहे.”

मी लिहिलं. मथळा: ‘घराणं विचारू नका, पाय बघा!’ त्याखाली घराणेशाहीचा धिक्कार. त्याखाली आमच्या मागण्या, म्हणजे घोड्याच्या. शेठाणी आली तेव्हा पागेसमोर खुर्ची टाकून तिने सगळं वाचलं. चष्मा काढला.

“मस्त लिहिलंस. आता एक सांग. बाप कोण आहे त्याने काय फरक नाय पडत, हेच ना?”

“हेच.”

“मग मी याला बाप कशाला करू?”

मामाने तोंड फिरवलं. त्याचे खांदे हलत होते. सभेत असा कोणी अडचणीचा प्रश्न टाकला की आम्ही घोषणा देतो. इथे कोणाविरुद्ध देणार? घोडा लसूणघास खात होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओहोटीला मामा घोड्याला किनाऱ्यावर चालवायला घेऊन गेला, मीही गेले. ओली वाळू तिथे रस्त्यासारखी घट्ट असते. घोडा नुसता चालत होता, तरी त्याच्या शेजारी चालताना मला अर्धं धावावं लागत होतं. मधेच त्याने मान वर केली, लांबवर मासळी उतरवणाऱ्या बायकांकडे बघितलं, आणि मामाच्या हातातल्या दोरीला असा झटका बसला की मामा दोन पावलं फरफटला. “सुजली ती फक्त शीर,” मामा म्हणाला. “मस्ती हाय तितकीच हाय.”

मी त्याला याच्या बापाबद्दल विचारत सुटले. त्याला पैदाशीला किती घोड्या मिळाल्या?

“किती कसल्या? दोन-चार. त्यापण कोणाला नको झालेल्या.”

“का?”

“त्याच्या पोरांनी काय जिंकलं नव्हतं.”

“अरे मामा, पोरं होतीच कुठे जिंकायला?”

मामा थांबला. घोडाही थांबला. “व्हय की,” मामा म्हणाला.

हे मला ओळखीचं होतं. अनुभव नाही म्हणून काम नाही, काम नाही म्हणून अनुभव नाही. आमच्याकडची निम्मी पोरं याच फेऱ्यात गरगरतायत. शेठाणी रात्री तिथेच मुक्कामाला थांबली होती. मी तशीच वाळूने भरलेल्या पायांनी तिच्यासमोर उभी राहिले.

“रक्त महत्त्वाचं असेल, मॅडम. माझं चुकलं. पण बोलबाला म्हणजे रक्त नाही. याच्या बापाला कोणी संधीच दिली नाही. मोजक्या घोड्या दिल्या, त्याही टाकाऊ समजून, आणि त्यातून हा निघाला. चांगल्या मिळाल्या असत्या तर काय झालं असतं, हे कोणाला माहीत आहे?”

तिने कालचं पत्रक माझ्या हातात परत दिलं. “हे लिही. धिक्कार काढ.”

“एक ठेवू?”

“एक पण नाय.”

नव्या पत्रकात बापाचं नाव सगळ्यात वर, सगळ्यात मोठं; पणजोबाचं कोपऱ्यात, बारीक. त्याच्याखाली मी तिला सांगितलं तेच. मग घोडा कुठे जिंकला, कुठे हरला. पायाला काय झालं, तेही. यावरून मामाशी भांडण झालं.

“पाय कशाला सांगतेस? गिऱ्हाईक पळंल!”

“पळू दे. इथे येऊन पाय दाबल्यावर कळणारच आहे ना? तेव्हा पळण्यापेक्षा आत्ता पळालेलं बरं.”

शेवटची ओळ: ‘ज्यांच्या घोडीला मोठ्या ठिकाणी नकार मिळाला, त्यांनी अवश्य यावं.’ रेवदंड्याला आमची मोर्चाची पत्रकं जिथे छापतो तिथेच, त्याच गुलाबी कागदावर छापून घेतलं.

वाटायचं कसं, ते मला एकाच प्रकारे येतं. सकाळी घोड्यांचा सराव संपतो त्या वेळी मी रेसकोर्सच्या फाटकाशी उभी राहिले आणि बाहेर पडणाऱ्याच्या हातात गुलाबी कागद कोंबायला लागले. रखवालदार धावत आला. “ओ ताई, मोर्चा इथे नाही. आझाद मैदानात.”

“मोर्चा नाही. घोडा आहे.”

“कुठे आहे घोडा?”

“चौलला.”

तो डोकं धरून बाजूला झाला. बहुतेकांनी न वाचता खिशात घातलं. एकाने गाडीची काच पुसली. त्याला मी काय म्हणाले ते इथे लिहीत नाही. शेवटी एक वयस्कर गृहस्थ तिथेच उभे राहून वाचायला लागले. पुण्याकडे त्यांच्या स्वतःच्या दोन घोड्या होत्या.

“छापखान्यात बाप आणि पणजोबा उलटे लागलेत, बाळा.”

“नाही काका. सरळच लागलेत.”

त्यांनी पुन्हा वाचलं, या वेळी शेवटच्या ओळीपर्यंत. “माझी एक घोडी आहे. पळायला चांगली होती. तिच्या आईला कोणी ओळखत नाही. पैदाशीच्या मोठ्या पागावाल्यांनी फोनवरच सांगितलं, जागा नाही. जागा नाही म्हणे!” त्यांचा आवाज चढला. त्या फाटकाशी चिडलेले आता आम्ही दोघं होतो.

रविवारी ते बोटीने मांडव्याला उतरले. मामाने घोड्याला इतकं घासलं होतं की अंगावर हात सरकत होता. काकांनी त्याला सरळ चालवत नेऊन परत आणायला लावलं, मग वाकून दुखऱ्या पायावरून अंगठा फिरवत बसले. शेठाणी खुर्चीवरून उठून उभी होती. तेवढ्यात घोड्याने मान वळवली आणि काकांच्या मागच्या खिशातला रुमाल अलगद ओढून चघळायला सुरुवात केली.

“चोर आहे की!” काका ओरडले.

“भूक लागलीय त्याला, साहेब,” मामा घाबरून म्हणाला.

“बापावर गेलाय का?”

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. “ते अजून सिद्ध व्हायचंय,” मी म्हणाले.

काका हसले. रुमाल त्यांनी परत मागितला नाही. “पाय लिहिलाय तसाच आहे,” ते म्हणाले. “घोडी पाठवतो.”

पुण्याकडून वडखळमार्गे ट्रकने काकांची घोडी आली. तिच्या मागोमाग, काकांनी कोणाकोणाला सांगितल्यामुळे, आणखी थोड्या आल्या. रांग वगैरे लागली नाही. डॉक्टर सोनोग्राफीचं मशीन घेऊन काकांच्या घोडीला तपासायला आले तेव्हा त्या छोट्या पडद्यावर मला नुसता पाऊस दिसत होता. त्यांनी बोट ठेवलं. एक काळा, गोल ठिपका. “गाभण आहे.”

शेठाणीने दुसऱ्यांदा विचारून खात्री केली. मग तितक्याच कोरड्या आवाजात म्हणाली, “डॉक्टर, ते खच्ची करायचं काम आता नको.”

मामा स्वच्छ बादली पुन्हा धुवायला निघून गेला.

या वर्षी काकांच्या घोडीला शिंगरू झालं. मामा आणि मी बघायला गेलो. मला वाटलं होतं, बघताक्षणी कळेल. काही कळलं नाही. चारी पाय चार दिशांना, दूध कुठल्या टोकाला मिळतं याचाही पत्ता नाही. आईच्या पुढच्या पायांमधे तोंड घालून ते रागाने ढुश्या देत होतं.

“पळेल का हो?” काकांनी मामाला विचारलं.

“आधी मागं तर जाऊ दे त्याला.”

शर्यतीत उतरायला त्याला अजून दोन वर्षं तरी लागतील. तोपर्यंत काहीच सिद्ध होत नाही, आणि मला वाट बघणं मुळीच जमत नाही. तरी कुंपणावर हात टेकून मी उभी राहिले. शिंगराने आणखी एक ढुशी दिली, पडलं, उठलं, आणि धडपडत आईच्या पोटाच्या बाजूने मागे सरकायला लागलं.