सुनंदा नावाची पोरगी इथी नाई

१९८६ सालचा आषाढ. आरमोरीत धानाचा रोवणा, म्हणजे भाताची लावणी, जोरात होता. त्याच महिन्यात माझ्या मुलीचे, सुनंदाचे, जपानला जायचे ठरले. नागपूरच्या विहारात येणाऱ्या एका जपानी भंतेंनी तिकडे भाषा शिकायची सोय लावून दिली होती. पासपोर्ट मिळाला की निघायचे. मिळेल का, एवढाच घोर होता.

मी राइस मिलचे इंजिन चालवायचो. शिक्षण चौथी. किस्से कोणी जमवत नाही. मिलमागे कोंडा साचतो तसे ते साचतात. कोंडा निदान विकला तरी जातो!

*

आमच्या मिलचा हमाल नामदेव. त्याने पहिल्याच दिवशी विचारले, "भाऊ, जपानी शिकायले जपानले काऊन जाते? भंते नागपूरलेच येते ना!"

मी म्हणालो, "मोठं कॉलेज तिकडे आहे."

"बरं. मंग शिकून आरमोरीले आली, त बोलन कोणासंग?"

सगळे हमाल माझ्याकडे पाहू लागले. मी रात्रभर यावर विचार केला होता. 

मी म्हणालो, "इंजिनचा पट्टा सरकला. बघ तिकडं."

*

भंतेंनी सांगितले होते, तिकडे बर्फ पडतो. नामदेवने जवळच्या वडसावरून बर्फाची लादी आणली, कोंड्याच्या पोत्यात गुंडाळून. सुनंदाला म्हणाला, "याच्यावर उभी राह्य. सवय पाह्यजे."

ती उभी राहिली. मग नामदेव उभा राहिला. मग एकेक करत सगळे हमाल. धानाची गाडी दारात तशीच!

मालक आले. म्हणाले, "जपानले कोण चाललं ते सांगा. बाकीचे पोत्यापाशी जा!"

*

पासपोर्टच्या चौकशीला ठाण्याचा शिपाई आला, तेव्हा सुनंदा शेजारच्या यशोदाबाईच्या धानाच्या बांधीत रोवत होती. शिपायाने चिखलात न उतरता धुऱ्यावरूनच हाक मारली, "सुनंदा कोण आहे?"

तेव्हाचे दिवस तसे होते, जंगलात नक्षलवादी आणि गावात त्यांना शोधणारे पोलीस. पोलीस नाव घेऊन विचारायला लागला की आमच्याकडे कोणी कोणाला ओळखत नसे. ओळीतल्या बाया एका सुरात म्हणाल्या, "त्या नावाची पोरगी इथी नाई!"

शिपाई तसे लिहून घेऊन गेला.

घरी मी सुनंदाला विचारले, "तू काऊन नाही बोलली?"

"बाबा, सगळ्याच नाई म्हणून राह्यल्या. मी एकटी हो कशी म्हणू?"

*

मी ठाण्यात गेलो. जमादाराने कागद पाहिला आणि माझ्याकडे पाहिले.

"ती पोरगी नाहीच म्हणते गाव. मग तुम्ही बाप कोणाचे?"

मी कोणापुढे हात जोडलेले नाहीत. तिथेही जोडले नाहीत. पण परत येऊन यशोदाबाईला सगळे सांगितले.

दुसऱ्या दिवशी यशोदाबाई आपला रोवणा टाकून सगळी ओळ घेऊन ठाण्यात आली. पायांना चिखल, मध्ये सुनंदा.

जमादार म्हणाला, "परवा तर नाही म्हणत होत्या!"

यशोदाबाई म्हणाली, "परवा तुमी विचारून राह्यले होते. आज आमी सांगून राह्यलो!"

त्याने कागद बदलला.

यशोदाबाईचा त्या दिवसाचा रोवणा मात्र बुडाला. उपटलेले रोप धुऱ्यावर करपले. आमच्याकडे रोवण्याची भरपाई रोवूनच होते, तिथे पैसे चालत नाहीत. सुनंदा म्हणाली, "बाई, तुमचा एक दिवस माझ्याकडे."

पण त्या हंगामाचे रोप संपले होते. आणि पुढच्या उन्हाळ्याआधी पासपोर्ट आला, ती गेली.

*

दुसऱ्या आषाढात यशोदाबाईच्या बांधीत बाया ओळीने उभ्या राहिल्या. आमच्याकडे नांगर पुरुषाचा, रोवणा बायांचा. त्या ओळीत पुरुष उभा राहत नाही.

मी धोतर खोचले आणि उतरलो.

यशोदाबाई म्हणाली, "भाऊ, राहू द्या. सुनंदा जपानवरून आली का करन ते."

मी रोपाची पेंडी हातात घेतली.

"भाऊ, मागं सरकत रोवा! समोर नाई!" बाया हसून हसून चिखलात बसल्या. धुऱ्यावर नामदेव आला. त्याने पाहिले आणि मिलकडे परत गेला.

दिवस बुडाला तेव्हा माझी ओळ धुऱ्याला लागली. वाकडी होती. यशोदाबाईने ती पाहिली आणि म्हणाली, "फिटला सुनंदाचा दिवस."