अर्थिंगच्या खड्ड्याला पाणी

आमच्या कोरीटला वीज आली ती शेतातल्या पंपांसाठी. माझ्या थोरल्या भावाने ती न्हाणीघरात आणली. नंदुरबारला त्याचं मोटारी वाइंडिंगचं दुकान होतं. तांब्याची तार आणायला तो मुंबईला जाई, आणि एकदा तारेबरोबर तो विलायती धुण्याचं मशीन घेऊन स्टेशनावर उतरला. कुणा साहेबाने मायदेशी जाताना ते भंगारात काढलं होतं. आपोआप पाणी घेणारं, घुसळणारं, पिळणारं आणि शेवटी स्वतःहून थांबणारं. आमच्या घरात स्वतःहून थांबणारं तोवर कुणीच नव्हतं.

पुढे त्याने आणखी दोन आणली. गंज घासायचा, बेअरिंग बदलायचा, पत्र्याला पांढरा रंग द्यायचा. पण आतल्या तारांना हात लावायचा नाही, हा त्याचा बाणा. त्यांच्यावरचं सुती वेष्टण विरलं होतं, रबर बोटाने चुरत होतं. मी शाळेत इतिहास शिकवत होतो. जुनी वस्तू जशीच्या तशी जपण्याचा आग्रह मला तरी समजायला हवा होता. पण इतिहासातल्या वस्तू आपण सहसा विजेला जोडत नाही. मी तसं म्हणालो तेव्हा तो हसला. "अस्सल माल आहे. तारा बदलल्या तर उरलं काय? डबा."

पहिलं मशीन सुरू झालं. छपरावर लोखंडी टाकी चढली, आणि न्हाणीच्या भिंतीबाहेर भावाने अर्थिंगसाठी खोल खड्डा खणून तांब्याची पट्टी, मीठ आणि कोळसा पुरला आणि पट्टीपासून मशीनच्या पत्र्यापर्यंत तार ओढली. वीज पत्र्यात उतरलीच, तर या वाटेने जमिनीत जाईल, असं त्याने वहिनीला समजावलं; मात्र माती ओली हवी. तेव्हापासून वहिनी रोज सकाळी एक हांडा त्या खड्ड्यात ओती. आईचं धुण्याचं लाकडी धोपटणं चुलीमागे गेलं आणि तिथेच वाळत राहिलं.

आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माणसांची अदलाबदल होते. सुना माहेरी जातात, लेकी घरी येतात, आणि लिंबाच्या झाडांना झोके बांधले जातात. त्या वर्षी वहिनी आठवडाभर आधीच निघाली. जाताना आईला खड्ड्याचं सांगून गेली. विहीर तळाला लागली होती. आईने हांडा उचलला, खड्ड्याकडे पाहिलं आणि पाणी तुळशीला घातलं.

"तठे काय झाड शे का, त्याले पानी पाजाले?"

दुसऱ्या दिवशी माझी धाकटी बहीण आली. गावात तिच्याइतका उंच झोका कुणी घेत नसे. आल्या आल्या तिने मशीनच्या झाकणाला हात लावला आणि झटकन काढला.

"भाऊ, तुन्ही मशीन चावस!"

"ती अजून तुले वळखस नही," भाऊ म्हणाला.

"ढोर शे का ती?" आई म्हणाली.

सगळे हसले. भावाने स्वतः झाकणावर तळवा ठेवून दाखवला. त्याच्या पायात टायरच्या तळाच्या चपला होत्या.

ऊन वाढत गेलं. खड्ड्याच्या तोंडाशी माती तडकली. मशीनखालच्या गारव्यात रोज झोपणारा कुत्रा एका दुपारी केकाटत बाहेर आला आणि पुन्हा तिकडे फिरकला नाही. बहीण म्हणाली, आता मनगटापर्यंत चावतं. भाऊ म्हणाला, मशीन जिवंत असल्याची ती खूण आहे. त्याचं लक्ष दुसरीकडे होतं. आखाजीला गावच्या सहकारी सोसायटीचे अध्यक्ष मशीन पाहायला येणार होते.

अध्यक्ष आले. न्हाणीच्या दाराला आंब्याचं तोरण होतं, मशीनला झेंडूचा हार. घरात सगळे अनवाणी. पण अध्यक्षांना बूट काढायला कोण सांगणार? त्यांनी नारळ फोडला, त्याचं पाणी फरशीवर पसरलं. आपलं उपरणं त्यांनी मशीनमध्ये टाकलं, बटण दाबलं आणि एक हात पत्र्यावर ठेवून भाषण केलं. त्यात देश होता, प्रगती होती, माताभगिनींची गुलामगिरी होती. हात शेवटपर्यंत पत्र्यावरच होता. भावाने बहिणीकडे पाहिलं: बघ, चावतं का?

उपरणं पिळून झालं. मशीन थांबलं, पण वीज चालूच होती.

"आता ताईंनीच काढावं," अध्यक्ष म्हणाले.

बहीण ओल्या फरशीवर अनवाणी पुढे झाली. डाव्या हाताने तिने मशीनचा काठ धरला, उजवा आत घातला. तिच्या तोंडातून आवाज आला नाही. मान मागे गेली, खांदे थरथरू लागले. अध्यक्षांना वाटलं ती हसते आहे. त्यांनी टाळी वाजवली. मी मेन स्विचकडे धावलो. माझ्याआधी आई चुलीमागून धोपटणं घेऊन आली आणि लेकीच्या हातांवर तिने दोन घाव घातले. बहीण भिंतीपाशी कोसळली. धोपटणं कित्येक महिने पाण्यात गेलं नव्हतं. ओलं असतं, तर दोघीही गेल्या असत्या.

ती वाचली. डाव्या हाताची बोटं मात्र पुन्हा मिटली नाहीत.

वहिनी परत आली तेव्हा बहीण पट्टी बांधून ओसरीवर बसली होती. वहिनीने डोक्यावरचं गाठोडंही उतरवलं नव्हतं.

"खड्डामा पानी टाकेल व्हतं ना?"

आई उठून आत गेली. भावाने त्याच दिवशी मशीनची तार कापली. इतके दिवस जपलेलं ते वेष्टण त्याच्या बोटांत भुकटी होऊन पडलं. उरलेली दोन मशीनं गोठ्यात अर्धवट रंगवलेली राहिली.

पुढच्या आखाजीला वहिनी माहेरी गेली नाही. बहीण आली होती. लिंबाखाली तिने झोक्याची एक दोरी मुठीत धरली, दुसरी कोपरात अडकवली आणि पाय मारला. झोका फार वर गेला नाही. न्हाणीमागून पाण्याचा आवाज आला. ज्या खड्ड्याला आता काहीच जोडलेलं नव्हतं, त्यात वहिनी सकाळचा हांडा ओतत होती. विहीर त्याही वर्षी तळाला लागलेली.