आत्याच्या माश्या आणि वासुदेवकाका

आत्याच्या माश्या वासुदेवकाकांनी मारल्या नाहीत. मी मारल्या.

आज आत्याला जाऊन एक वर्ष झालं. फोटो टाकायचा, दोन ओळी लिहायच्या, असं ठरवलं होतं. पण हे न सांगता फोटो टाकणं मला जमेना.

आमचं गाव मूर्तिजापूरजवळ. घरामागे एका गोदामाची दगडी भिंत उभी आहे. इंग्रजांच्या काळात कापसाला सोन्याचा भाव आला होता, तेव्हाचं ते गोदाम. त्या भिंतीच्या भेगेतलं सातेरी मधमाश्यांचं मोहोळ आत्याने लाकडी पेटीत आणलं.

एका पेटीच्या तीन झाल्या.

उन्हाळ्यात पेट्यांवर ओलं गोणपाट. परातीत पाणी, आणि माश्यांना बसायला त्यात तुराट्यांचे तुकडे.

पावसाळ्यात साखरेचा पाक. आमच्या चहात साखर कमी पडली तरी चालायचं.

हिवाळ्यात तूर, जवस, करडई फुलली की ती जेवायचंसुद्धा विसरायची.

होळीच्या आधी मध. तोही अर्धाच काढायचा. "आपन काय दरोडा घालून राहिलो?"

आत्या शाळेत गेली नव्हती. बारावी पास झालेली घरातली पहिली मी.

"एवढे मार्क आनले अन् माशीले भेते काय वं?" असं म्हणून ती माझा कान पेटीला लावायची. "आयक. गुनगुन बदलली का समज, त्याईचं काई तरी दुखून राह्यलं."

शेजारचं वावर वासुदेवकाकांचं. कपाशीवर फवारणी असली की आदल्या संध्याकाळी ते कुंपणावरून ओरडायचे, "बाई, उद्या फवारा हाय!"

मग आत्या पहाटेच पेट्यांच्या दारांना जाळी लावायची. पंप थांबला, वारा पडला की काढायची.

कॉलेजच्या पहिल्या वर्षी मी अमरावतीहून सुट्टीत आले होते. आत्याला डोळे तपासायला अकोल्याला जायचं होतं. "पंप थांबला का जाळी काढजो," एवढंच सांगून गेली.

मी काकांकडून औषधाची बाटली मागून घेतली. लेबल दोनदा वाचलं. फवारलेल्या शेतात दिवसभर जाऊ नये, असं लिहिलं होतं.

पंप दुपारी थांबला. मी जाळी काढली नाही. वाटलं, अजून थोडं थांबू, रिस्क नको.

मग वास येतोय असं वाटलं. ओढणी फाडून जाळीच्या भोकांत चिंध्या कोंबल्या. आतून मोठा आवाज येत होता. मला वाटलं, रागावल्या असतील.

आश्विनातलं ऊन होतं.

संध्याकाळी उघडलं. दारामागे उकाड्याने गुदमरून मेलेल्या, ओल्या माश्यांचा ढीग. तिन्ही पेट्यांत.

चिंध्या मी चुलीत टाकल्या.

आत्याने एकदाच विचारलं, "जाळी कवा काढली?"

"पंप थांबल्यावर."

ती तशीच कुंपणाशी गेली. "वासुदेव, जहर बदललं अन् सांगतलं नाही? आजपासून माह्या दारात पाय नोको ठेवू."

"बाई, तेच औषध हाय. देवाशप्पथ."

मी मागे उभी होते.

ती त्यांच्याशी परत कधी बोलली नाही. पेट्याही परत भरल्या नाहीत. गावातली पोरं काकांना माशीमार म्हणायला लागली.

आत्या गेली त्या दिवशी काका रस्त्यापलीकडे टोपी हातात घेऊन उभे होते. आत आले नाहीत. मी पाहिलं. तेव्हाही बोलले नाही.

आज सकाळी त्यांच्याकडे गेले. काका ओट्यावर बसले होते. सगळं सांगितलं.

ते म्हणाले, "मले वाटे, माह्याच हातून काई तरी चुकलं असन. किती डाव त्या बाटल्या पाह्यल्या म्या."

"काका, माफ करा."

"मले माफी नोको मागू, पोरी. गावाले सांग."

गावातले बरेच जण इथे आहात. वाचून घरी मोठ्यांनाही सांगा.

आत्या, काकांवर धरलेला राग आता माझ्यावर धर.

तुला नमस्कार.