दोनदा दिवे

लॉरेल फोर्कच्या दरीत "चौदा आली का?" असं कुणी विचारलं, की त्याचा अर्थ आर्डिथ केसिंजर आली का, एवढाच असायचा. चौदा नंबरची पिवळी शाळेची बस ती एकोणीस वर्षं चालवत होती. नवरा डेन्झिल खाणीत दरड कोसळून गेला, त्याला अकरा वर्षं झाली. त्याच्या मातीनंतर चौथ्या दिवशी ती स्टिअरिंगवर बसलेली पाहून लोकांनी तोंडात बोटं घातली. "घरी बसून काय भिंतीशी बोलू?" एवढंच ती म्हणाली होती. पोटचं पोर नव्हतं. बसमधल्या एकेचाळीस पोरांत मात्र कुणाला खोकला झालाय, कुणाच्या डब्यात आज काहीच नाही, कुणाचा बाप रात्री पिऊन आलाय, हे तिला आरशातनं कळायचं.

साडेचारला उठायची. काळी कॉफी आणि आदल्या दिवशीच्या मक्याच्या पावाचा तुकडा, मग विजेरी घेऊन बसभोवती फेरी. टायरला लाथ, दिव्यांवर फडकं, आणि शेवटी डाव्या कुशीतला तो लाल फलक बाहेर काढून बघायचा. बस थांबली, लाल दिवे लुकलुकू लागले, की 'थांबा' लिहिलेला तो फलक फटकन बाहेर यायचा. पोरं त्याला बसचा कान म्हणत. कान बाहेर असेपर्यंत पुढून येणाऱ्यानं, मागून येणाऱ्यानं, सगळ्यांनी जिथल्या तिथं उभं राहायचं, असा कायदा. यंदा तो आणखी कडक झाला होता. पेट्रोल पंपावर, चर्चच्या दारात, हरणांच्या शिकारीचे परवाने मिळतात त्या खिडकीवरही कागद डकवले होते: पहिल्यांदा पाचशे डॉलर आणि दोन महिने लायसन बंद, दुसऱ्यांदा हजार, सहा महिने बंद आणि तुरुंग, पोराला इजा झाली तर कित्येक वर्षं आत. आणि कानाच्या खाली, चाकाच्या उंचीवर, मुठीएवढा कॅमेरा बसवला होता.

आर्डिथला तो कॅमेरा पहिल्या दिवसापासून नकोसा वाटला. का, ते तिनं स्वतःलाही धड सांगितलं नाही.

कारण होतं हॉगबॅकचा उतार. तिथं रस्ता डोंगरावरून नागमोडी खाली येतो, शेवटचं वळण घेतो, आणि लगेच अरुंद पूल, पुलापुढे परत उभा चढ. ओंडक्यांनी गच्च भरलेला ट्रक त्या उतारावरून वेगात आला तरच पलीकडचा चढ चढतो. पुलाआधी थांबला तर बसलाच, मग दोन तास रस्ता बंद. म्हणून फार जुना रिवाज पडला होता. लाकडाचा ट्रक वळणावर आला की दोनदा दिवे मारायचा. बसवाली मागच्या गाड्या अडवायला कान बाहेर काढून ठेवायची, पण दार उघडायची नाही. पोरांना हाताचा तळवा दाखवून थोपवून धरायची. ट्रक गेला की मग बोट करायचं: या. आर्डिथच्या आधीचा बसवाला हेच करायचा, त्याच्या आधीचाही. कागदावर हा गुन्हा होता. दरीत ती माणुसकी होती.

त्या उताराच्या पायथ्याशी एकच पोर चढायचं. टॅन्सी, वय वर्षं सहा. रस्त्याच्या पलीकडे, ट्रक उतरतात त्या बाजूला, पत्राच्या पेटीजवळ पिवळे गमबूट घालून एकटीच उभी असायची. आई लॉर्ना वृद्धाश्रमात रात्रपाळी करायची, ती साडेसातला घरी यायची आणि बस पावणेसातला. ऑक्टोबर सरत आला की पावणेसातला दरीत नुसता काळोख आणि धुकं. बसच्या दिव्यात त्या पोरीचे बूट आधी दिसायचे, पोरगी नंतर.

"शहाणी पोर हाय," आर्डिथ सगळ्यांना सांगायची. "बोट केल्याबिगर पाऊल न्हाई टाकत."

नोव्हेंबरच्या पहिल्या सोमवारी दुपारी ती बस धूत होती, तेव्हा होबार्ट साइझमोर आला. होबार्ट तिच्या वर्गातला, डेन्झिलच्या शवपेटीला खांदा दिलेल्यांतला. तीस वर्षं लाकूड ओढून मान जाड झालेली. त्यानं हातातला कागद तिच्या ओल्या हातात कोंबला.

"वाच."

"चष्मा आत हाय. तूच सांग."

"त्या तुझ्या कानातल्या डोळ्यानं मला दोनदा पकडलं, बाई. गेल्या सोमवारी एकदा, बेस्तरवारी एकदा. लाल दिवे चालू असताना बस ओलांडली म्हनं. दुसऱ्या खेपेला तुरुंग! मी! सहा महिने लायसन न्हाई म्हंजे मी काय ओंडके पाठीवर आनू?"

आर्डिथनं नळ बंद केला.

"तू येऊन सांग कोर्टात," तो म्हणाला. "सांग की आपला रिवाज हाय. तू दार मिटून धरतीस. पोर रस्त्यावर येतच न्हाई."

"होब, ते सांगितलं तर माझी बस जाईल रे."

"आन न्हाई सांगितलं तर माझा ट्रक जाईल." त्यानं टोपी मागं सरकवली. "डेन्झिल असता तर इचारायची पाळी आली नसती."

"त्याला मधी आनू नगंस."

"बरं, न्हाई आनत. तो कुठं येतोय आता." असं म्हणून तो गेला. वाक्य मात्र तिथंच बादलीपाशी पडून राहिलं.

दुसऱ्या दिवशी तिला वाहतूक विभागाच्या साहेबांनी बोलावलं. ड्वाइट प्रुएट माणूस वाईट नव्हता, पण कागदावर जे नाही ते त्याला दिसायचं नाही.

"बसा, आर्डिथबाई. फक्त सही हवीय. ट्रक आला, लाल दिवे चालू होते, तो थांबला नाही. बस्स. तुम्हाला दुसरं काही कुणी विचारणार नाही."

"आन विचारलं तर?"

"नाही विचारणार," तो म्हणाला, आणि मग जरा हळू, "मीसुद्धा विचारलेलं नाही, लक्षात येतंय ना?"

लक्षात आलं. तिनं पेन उचललं. इतक्यात तो म्हणाला, "सही करण्याआधी चित्रण बघावं लागतं, नियम आहे," आणि पडदा तिच्याकडे वळवला.

आधी नुसतं धुकं. मग वरच्या वळणावर उजेड, विझला, परत लागला. मग ट्रक. बसमधल्या उंच सीटवरून तिला एवढी वर्षं फक्त ओंडक्यांची भिंत दिसत आली होती, डोळ्यासमोरून सरकणारी. कॅमेरा मात्र खाली होता, चाकांच्या बरोबरीला. त्याला ट्रकच्या पोटाखालून पलीकडचं दिसत होतं. पुढची चाकं गेली. मागची यायची होती. मधल्या त्या फटीत, रस्त्यावर, दोन पिवळे बूट होते.

ते चालत होते.

आर्डिथ पुढं वाकली. "मागं घ्या."

प्रुएटनं मागं घेतलं. बूट पत्राच्या पेटीपाशी. दिवे एकदा, दिवे दोनदा. बूट हलले. ट्रकचं तोंड जाताच बूट रस्त्यावर आले, आणि ट्रकबरोबर, त्याच्या वाऱ्यात, मागच्या चाकांच्या पुढ्यात दोन हात अंतरावर थबकले. चाकं गेली. लगेच बूट पळत सुटले. ट्रकचं शेपूट नजरेआड झालं तेव्हा पोरगी रस्त्याच्या मधोमध होती, आणि आर्डिथला पक्कं ठाऊक होतं, त्या घडीला बसच्या काचेत तिचा तळवा अजून उभाच होता. बोट केलंच नव्हतं.

"दुसरं दाखवा," ती म्हणाली. 

दुसऱ्यातही तेच. पोरीनं कधीच तिच्या बोटाची वाट पाहिली नव्हती; धुक्यात आर्डिथला ते कळलंच नव्हतं. पोरगी दिवे मोजत होती. दोनदा दिवे, मग ट्रक, मग आपण. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. रोज सकाळी आर्डिथनं आणि होबार्टनं मिळून शिकवलं होतं.

"मी हे इतकं खाली बघितलंच नव्हतं," प्रुएट पुटपुटला. "पण पोरगी सुखरूप आहे ना. तुम्ही सही करा."

"लाकडाच्या गिरणीनं नवीन कंत्राट घेतलंय, ठाऊक हाय का तुम्हाला?" आर्डिथ म्हणाली. "सोमवारपासनं ट्रक जोडीनं सुटणार. एकामागं एक."

तिनं पेन टेबलावर ठेवून दिलं. शुक्रवारपर्यंत कान बाहेर काढायच्या आधी ती स्वतः खाली उतरून पोरीचा हात धरून आणायची. बसमधली मोठी पोरं खिदळायची, "काय बाई, नवरीमुलगी आणताय का?" बाई हसायची नाही.

कोर्ट भरलं शुक्रवारी. मागच्या बाकांवर लाकूडवाले सगळे ट्रकवाले टोप्या हातात घेऊन ओळीनं बसले होते. होबार्टनं दाढी केली होती, गालावर कापलं होतं. आर्डिथला आत येताना पाहून तो पहिल्यांदाच सैल झाला. न्यायाधीश ऑर्फा लिली यांच्या दोन्ही मुली चौदामधूनच शाळा शिकल्या होत्या.

"सांगा, आर्डिथबाई."

"मी त्याला जाऊ देत व्हते," आर्डिथ म्हणाली. "दिवे लाल ठेवून, दार मिटून. आज न्हाई, एकोणीस वर्षं. हे मागं बसलेत त्या सगळ्यांना."

मागं एक बाक करकरला. प्रुएटनं डोळे मिटले. होबार्टनं मान डोलावली: बोल, बोल.

"आन आता त्यात काय झालंय ते बघा," ती म्हणाली. "ट्रकच्या खालनं बघा. वरनं बघू नका."

पडदा लागला. दिवे दोनदा. चाकं. बूट.

 होबार्टचा चेहरा आधी कोरा होता, मग मागची चाकं बुटांपाशी आली तेव्हा त्याचा पाय जमिनीवर जोरात दाबला गेला, ब्रेकवर दाबावा तसा.

न्यायाधीशबाईंनी निकाल सावकाश वाचला. थांबायला सांगणारी खूण बसवाली मागे घेऊ शकत नाही. तो हक्क तिचा नाही, कुणाचाच नाही. दंड पुरा, लायसन सहा महिने बंद. तुरुंग मात्र दहाच दिवस, आणि तोही पोरगी नशिबानं वाचली म्हणून, असं त्या म्हणाल्या. आर्डिथचा बस चालवायचा परवाना चौकशी होईपर्यंत काढून घेतला.

बाहेर पायऱ्यांवर होबार्ट तिच्याजवळ आला.

"मी तुला मला सोडवायला बोलावलं व्हतं," तो म्हणाला.

"ठावं हाय."

"तू मला त्या पोरीच्या अंगावर घातलंस सगळ्यांदेखत."

"मी घातलं न्हाई, होब. तू रोजच घालत व्हतास. मी समोर बसून."

त्यानं टोपी डोक्यावर घातली आणि तो पायऱ्या उतरून गेला. ट्रकवालेही एकेक करून तिच्या बाजूनं गेले. एकानंही रामराम केला नाही. पण सोमवारपासून पुलाआधी थांबायचं, असं त्यांनी खाली आपसात ठरवलेलं तिनं ऐकलं. चढावर बसला ट्रक तर बसला.

सोमवारी पहाटे साडेचारला ती उठली, कारण दुसरं काही येत नव्हतं. कॉफी घेतली. मग जुन्या पिकअपमधून हॉगबॅकच्या पायथ्याशी गेली आणि पत्राच्या पेटीजवळ उभी राहिली. टॅन्सी आली, गमबूट वाजवत.

"तुम्ही बसमधी का न्हाई?"

"आज मी हितंच. ऐक बाय, दिवे मोजायचे न्हाईत. काय?"

"न्हाई मोजायचे."

"मग कवा निघायचं?"

"बोट केलं की," पोरगी म्हणाली. शनिवारी आणि रविवारी मिळून तिनं हे पन्नासदा म्हणून दाखवलं होतं, स्वयंपाकघरात, आईच्या आणि आर्डिथच्या देखत.

धुक्यातून चौदा आली. स्टिअरिंगवर तालुक्याहून पाठवलेला बदली माणूस होता. त्यानं बस नीट उभी केली, लाल दिवे लागले, कान बाहेर आला. वरच्या वळणावर उजेड पडला. सवयीनं म्हणा, हात आपोआप गेला म्हणून म्हणा, ट्रकवाल्यानं दिवे मारले. एकदा. दोनदा.

टॅन्सीचा पाय उचलला गेला. तोंडानं ती अजून "बोट केलं की" असंच पुटपुटत होती, आणि पाय निघाला होता. आर्डिथनं तिच्या कोटाची टोपी मुठीत गच्च धरली.

ट्रक किंचाळत आला. ब्रेकचा जळका वास धुक्यात पसरला, ओल्या पानांवर चाकं सरकली, आणि ट्रक पेटीच्या चार हात अलीकडे थरथरत उभा राहिला. थांबला. बदली माणसानं काचेतून हसून पोरीकडे बोट केलं: ये. लाल दिवे लुकलुकत होते, कान बाहेर होता, कायद्यानं सांगितलेलं सगळं जिथल्या तिथं होतं.

"आता?" टॅन्सीनं विचारलं.

वर वळणावर, थांबलेल्या ट्रकच्या मागच्या झाडांवर, दुसरा उजेड पडला. तो एकदा विझला, लागला. परत विझला, परत लागला.

आर्डिथनं मूठ सोडली नाही.