अम्मांचं चाळीस सेकंदांचं रेकॉर्डिंग

अम्मांची गोष्ट मी फाडून टाकली. या दोन हातांनी.

आज सकाळी अम्मा गेल्या. आमच्या शेजारच्या फ्लॅटमधल्या. वय ८६.

फाळणीत सिंधमधून आलेल्या, लहान असताना. पिंपरीच्या कॅम्पात, बराकीत वाढल्या. अकरा वर्षांच्या शेजारात मला एवढंच माहीत.

गेल्या महिन्यात कॉलेजच्या दोन मुली त्यांच्याकडे आल्या. फाळणी सोसलेल्यांच्या आठवणी रेकॉर्ड करतोय म्हणे.
हिटलरच्या छळछावण्यांतून वाचलेल्या ज्यूंच्या आठवणी तिकडच्या विद्यार्थ्यांनी अशाच जपल्यात. मॅडमनी त्या वर्गात ऐकवल्या, तिथून सुचलं म्हणे.

मला एक अक्षर पटलं नाही.

मी मूळचा कुरुळीचा. आमच्याकडे पाठीला सॅक लावलेली, गोड बोलणारी पोरं कागद घेऊन आली, की पुढच्या वर्षी त्या शेतात कंपनीचं कंपाउंड असतं.
वडिलांनी नुसता सर्व्हे आहे समजून एकदा अंगठा दिला. मग मरेपर्यंत मला सांगत राहिले, "कागुद दिसला की आधी शेवटचं पान वाच."

त्यात आमची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला निघालेली. आणि एकट्या म्हातारीकडे तीन पानी फॉर्म? अहो, आम्हाला काय कळत नाही का?

अम्मांनीच हाक मारली होती. "भाऊ, या जरा. कागद आहे."

गेलो. अम्मांच्या पदराला माइक लावलेला. मी थेट शेवटचं पान काढलं. तिथे लिहिलेलं, 'कायमस्वरूपी हक्क'.
बास. फॉर्म टर्रकन फाडला आणि मुलींना दार दाखवलं.

अम्मा एवढंच म्हणाल्या, "चहा तरी घेऊ द्यायचा होता त्यांना."

नंतर कॉलेजात चौकशी केली. सगळं खरं निघालं. हक्क फक्त रेकॉर्डिंगचे होते.
फोन करून मुलींना परत बोलवायचं होतं. आज करू, उद्या करू. लाज वाटत होती, खरं सांगतो. तोवर अम्मा हॉस्पिटलात.

आज त्यातली एक मुलगी दारात उभी. माझ्या डोक्यात पहिला विचार काय आला असेल? आता हिला काय पाहिजे!

"काका, आजींचं कळलं. माइक टेस्टचं थोडं रेकॉर्डिंग आमच्याकडे राहिलंय. संमती नव्हती म्हणून कुठे वापरलं नाही. डिलीट करू का, विचारायला आले."

तिथेच उभं राहून ऐकलं.

"आजी, नाश्त्याला काय खाल्लं?"

"भाऊच्या घरून थालीपीठ आलं."

"आणि गाव कुठलं तुमचं?"

"थांब बेटा. हाक मारली ना त्याला, येऊ दे. अकरा साल शेजारी आहे, कधी विचारलं नाही त्याने. कागद तर बहाणा आहे. आज त्याला पण बसवते ऐकायला."

मग माझा आवाज.
"कोण तुम्ही? बंद करा ते आधी."

संपलं.

उल्हासनगरहून अम्मांची मुलगी आली आहे. तिने संमतीपत्रावर सही केली, साक्षीदार म्हणून मी. तरी शेवटचं पान दोनदा वाचलं. सवय जात नाही.

अम्मा, चुकलो. हात जोडतो.

गाव कुठलं हो तुमचं?