नणंदेच्या माश्या

चेहऱ्याआधी पाय पाहणारी माणसं जगात दोनच, एक चपलांचा दुकानदार आणि दुसरी माझी नणंद. इंदिरानगरच्या घरात मी माप ओलांडून आले, तेव्हा ती माझ्या पायांकडे टक लावून बघत होती. मला वाटलं, जोडवी आवडली. तर म्हणते, "वहिनी, तुझ्या नडगीवरचा स्नायू फार सुरेख आहे."

ती बंगलोरला संशोधन करायची. पिकल्या केळ्यांवर घोंगावणाऱ्या इवल्या माश्यांच्या पायात कुठला मज्जातंतू कुठला स्नायू हलवतो, याचे ती सूक्ष्मदर्शकातून फोटो काढी. ते तंतू हिरवे चमकावेत म्हणून तिने माश्यांची खास पैदास केली होती. नाशिक रोडला गाडीतून उतरली की सामान आमच्या हाती देऊन ही जिना चढणाऱ्यांच्या पोटऱ्या न्याहाळत उभी. एका फौजी गृहस्थांनी काही हरवलंय का विचारलं, तर त्यांना गुडघा कसा वाकतो ते तिने इतकं रंगून सांगितलं, की त्यांची देवळालीची बस चुकली.

एकदा तिला कावीळ झाली. महिनाभर विश्रांतीसाठी ती घरी आली ती माश्यांच्या नळ्या मांडीवर घेऊनच. तिकडे कुणावर तिचा भरवसा नव्हता. सासूबाईंनी बजावलं, की या घरात माश्या हाकलतात, पाळत नाहीत. पण नळ्यांतलं खाणं बदलायला लेक भिंतीला धरून उठू लागली, तेव्हा त्यांनी तिला निजवलं आणि पदर खोचला. मक्याचं पीठ, गूळ, यीस्ट आणि चायनाग्रास त्या कढईत असं घोटत, की वासाने शेजारीण वाटी घेऊन आली. माश्या जुन्या नळीतून नव्या नळीत झटकताना चार-पाच सुटल्या आणि थेट नैवेद्यावर बसल्या. "बसू देत," सासूबाई म्हणाल्या, "माहेरवाशिणी आहेत."

नणंद बरी होऊन परतली. काही महिन्यांनी त्याच माश्यांच्या पिलावळीतल्या एकीच्या पायाचा फोटो टपालाने आला. काळ्या अंधारात हिरव्या फांद्याच फांद्या. द्राक्षबागवाले एक पाहुणे तो बराच वेळ बघून म्हणाले, की वेल जोमदार आहे, पण छाटणी उशिरा झालीय.

त्या रविवारी फोनवर सासूबाईंनी विचारलं, फोटोसाठी पाय कापावा लागतो का.

फोन स्पीकरवर होता. पलीकडून नणंद म्हणाली, "हो आई. आधी बेशुद्ध करते. तरी दर वेळी वाईट वाटतं. इथे कुणाला सांगितलं तर हसतील."

"मग मला सांगत जा," सासूबाई म्हणाल्या.

त्यानंतर दर रविवारी त्या दोघी फोनवर बोलत. फार नाही, पाचेक मिनिटं. त्या वेळात आम्ही टीव्हीचा आवाज बारीक करायचो.