वहाणांसकट बसलेला मामा

आमचा मामा पाहुण्याला पाणी विचारायच्या आधी चिखलात बसवायचा. तुम्हाला खोटं वाटेल, पण माझ्या सासऱ्यांना त्यानं बसवलेलं मी या डोळ्यांनी पाहिलं आहे. माझ्या लग्नानंतर ते पहिल्यांदा अमरावतीला मामाकडे आले, तर या बाबानं अंगणात काळी माती कालवून तयार ठेवलेली. "व्याहीबुवा, जरासे बसा याच्यात. मांडी घालून, घरच्यावानी." सासरे चांगले वजनदार गृहस्थ, अंगावर कोरं धोतर. ते इतके गांगरले की खरंच बसले. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

माती वाळली की त्या ठशावरून मामा बाकड्याच्या बैठकीचा उतार काढायचा. बागेतली बाकडी करायचं वेड त्याच्या डोक्यात शिरलं होतं. खरं तर आम्ही माळी. आजी झेंडू-शेवंती लावायची आणि बाजारात विकायची. तिचा एकुलता एक मुलगा मळा सोडून सुताराच्या हाताखाली गेला, तेव्हाच तिनं कपाळावर हात मारून घेतला होता.

अमरावतीच्या बागेत तेव्हा साहेबी घाटाची बाकडी होती. बैठक अरुंद, हात लोखंडी. आपली माणसं त्यावर पाय वर घ्यायला जायची आणि कलंडायची. वैशाखात एकाचं कोपर चांगलं भाजलं. मामा म्हणायचा, "पाय लोंबते ठेवले का माणूस परक्याच्या घरी बसल्यावानी बसते. बाग काय परक्याची हाये?" म्हणून त्यानं आपलं बाकडं काढलं. बैठकीत ऐसपैस मांडी मावावी. पाय ओतीव लोखंडाचे, त्यांवर कापसाच्या बोंडांची नक्षी. वर मेळघाटच्या सागाच्या पट्ट्या, पाणी निथळावं म्हणून मध्ये फटी ठेवलेल्या. हात लाकडाचे. बागेच्या कमिटीनं नमुन्याला एक मांडू दिलं. लोक बसले तर अकोल्याच्या बागेतही तशीच करायची, नाही बसले तर हेही उचलायचं, असं ठरलं.

मांडायच्या दिवशी आजीचा राग कुठल्या कुठे पळाला. लेकाच्या हातची वस्तू चारचौघांत मांडली जाणार! ती भल्या सकाळी गेली, बाकड्याला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला, मळ्यातल्या झेंडूची माळ घातली. झालं! पूजलेल्या वस्तूवर बूड टेकायची कोणाची छाती? लोक येत, हात जोडत आणि समोर गवतावर बसत. दुपारपर्यंत कोणीतरी पुढ्यात पैसाही ठेवून गेलं. मामा हैराण. "अरे बसा ना रे बाप्पा, देव नाही तो, सागवान हाये!" कोणी ऐकेना.

संध्याकाळी कमिटीची माणसं आली. गवतावर गर्दी आणि बाकडं रिकामं, हे पाहून त्यातला एक म्हणाला, "इथल्या लोकांना बाकडी नकोतच. उद्या उचलून घ्या." मामाचा चेहरा पांढरा पडला. मग तो सरळ चालत गेला आणि माळेवर, कुंकवावर, पायांतल्या वहाणांसकट मांडी घालून बसला.

बागेत कोणी श्वास घेतला असेल तर शपथ. आजी माझ्या शेजारीच उभी होती. तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि ती चालू लागली. मागून एक म्हातारा उठला, भीतभीत बाकड्याच्या टोकाला टेकला. मग दुसरा. दिवेलागणीला तिथं जागेवरून भांडण चाललं होतं.

"वहाणा तरी काढायच्या होत्या, मामा," मी रडत म्हणाले.

"काढल्या असत्या तं तो देवच राह्यला असता."

आजीनं त्याच्या घरचं पाणीही वर्ज्य केलं. ती माझ्या आईकडे, बार्शीटाकळीला जाऊन राहिली. लेकीच्या सासरी, जन्मभर जिथं एक रात्र काढली नव्हती तिथं! अकोल्याची बाकडी झाली, मामाचं नाव झालं. तो दर सणाला बार्शीटाकळीला जायचा आणि आजी मागच्या दारानं शेतात निघून जायची.

पुढे तिचे डोळे गेले. आईनं तिला अकोल्याच्या डॉक्टरकडे नेलं, तेव्हा मी बरोबर होते. परतताना तिला चालवेना, म्हणून तिथल्या बागेत बाकड्यावर बसवलं. तिनं पाय वर घेतले, पाठ टेकली, हातानं पट्ट्या चाचपल्या.

"कोणं केलं वं हे? बरं केलं."

मी सांगितलं, "मामानं."

मला वाटलं, आता ही ताडकन उठणार. ती उठली नाही. आम्ही दोनदा म्हटलं चल, तरी तशीच बसून राहिली.

अमरावतीला घरी परतल्यावर मी हे मामाला सांगितलं. हातातला रंधा खाली ठेवून त्यानं एवढंच विचारलं, "किती वेळ बसली?"

"अंधार पडेपर्यंत."

तो तसाच उठला, अंगावरचा भुसाही न झटकता बार्शीटाकळीला जायला बडनेऱ्याच्या स्टेशनावर गेला. चार दिवसांनी आला, तेव्हा मी धावतच गेले. विचारलं, "काय म्हणाली?"

"काही नाही बोलली," मामा म्हणाला. "जेवाले वाढलं."